सोळाच्या आतल्यांचा कायदा आणि आमचे सभापती

आमचे हे सकाळी पेपर वाचत असतात तेव्हा त्यांच्याशी बोलायची घरात कुणाची टाप नाही. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, पण पेपर अजून ऑडिटला बसल्यासारखे वाचतात. त्यामुळे जानेवारीतल्या एका सकाळी ते खुर्चीतून ओरडतच उठले तेव्हा मी हातातलं काम टाकून धावले. म्हटलं, पेन्शनचं काही झालं की काय!

"सरला! अगं सरला! मिळाला!"

"काय मिळालं?"

"विषय! बालसंसदेचा विषय!"

आणि हात असा उडवला की चहाचा कप आडवा. चहा पेपरवर, पेपरवरून माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर. ह्यांचं लक्षच नाही. ओला पेपर तसाच माझ्या नाकासमोर धरला. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी झाली, कायदाच आला, आणि आता आपल्याकडेही एक-दोन राज्यं तसाच विचार करताहेत, अशी बातमी होती.

"हे बिल आपल्या पोरांनी मांडायचं. आपल्या हॉलमध्ये! बघच तू, सभागृह पेटेल!"

"ते पेटायचं तेव्हा पेटेल, आधी हा टेबलक्लॉथ भिजत घाला," मी म्हटलं. पण ऐकतंय कोण!

आता ह्यांच्याबद्दल सांगायचं तर बालसंसदेपासूनच सुरुवात करावी लागते. जयप्रकाश सबनीस या माणसाचं अर्धं आयुष्य बँकेत गेलं आणि उरलेलं त्या संसदेत. आम्ही कोलकात्याला बदलीवर आलो ते तीन वर्षांसाठी. सामान बांधायची खोकीसुद्धा मी जपून माळ्यावर टाकली होती. मग हे इथल्या मराठी मंडळात रमले, मुलगा अजेय इथल्या शाळेत रमला, मी इथल्या मासळीबाजारात रमले, बेहालाला फ्लॅट घेतला, आणि त्या खोक्यांना वाळवी लागली. आता तर नातही इथलीच.

मंडळात गणपती होतो, हळदीकुंकू होतं, कोजागिरी होते, सगळीकडे होतं तसं. पण प्रजासत्ताक दिनाच्या आसपास मुलांची संसद भरते ती आमच्याकडेच, आणि ती कल्पना ह्यांची. सोळा वर्षांखालची सगळी मुलं खासदार. एक जण बिल मांडतो, एक जण विरोधात उभा राहतो, बाकीचे हात वर करून मत देतात. सभापती अर्थातच हे. काळा कोट, पुढ्यात पितळी घंटा, आणि चेहरा असा की दिल्लीहून बोलावणं येणारच आहे आत्ता.

यात काय एवढं, असं वाटेल. खरी गोम पुढे आहे. ह्यांनी दोन नियम घालून ठेवलेत. बाजूने बोलायचं की विरोधात, हे चिठ्ठी उचलून ठरतं, आणि वाट्याला जी बाजू येईल तिच्यासाठी जीव तोडून बोलायचं. हा पहिला. दुसरा नियम भयंकर. जे बिल मंजूर होईल ते मंडळातल्या प्रत्येक घराने खरोखर पाळायचं, पुढच्या वर्षीच्या संसदेपर्यंत! "पाळायचा नसलेला कायदा करायचा कशाला? वेळ जात नाही म्हणून?" असं हे विचारतात, आणि लोक ह्यांचं ऐकतात, ही खरी कमाल.

एका वर्षी मुलांनी 'जेवताना टीव्ही बंद' मंजूर केलं आणि नेमकी त्याच वर्षी वर्ल्ड कपची फायनल आली. आमच्या ह्यांनी भारताची बॅटिंग संपेपर्यंत जेवणच घेतलं नाही. पित्त झालं, डोकं धरून बसले, पण ताट पुढे असताना टीव्ही लावला नाही. दुसऱ्या एका वर्षी 'मंडळाच्या दारातून आत आलं की फक्त मराठी' असं ठरलं. बंगाली-हिंदीत वाढलेली आमची पोरं आधी हॉलमध्ये मुक्यासारखी फिरत होती, मग हळूहळू बोलायला लागली. 'माझी शर्ट' आणि 'तुझा बहीण' असं काहीही बोलायची, पण बोलायची. त्या वर्षी ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता आमची कादंबरी. अजेय आणि विनीताची मुलगी, वय चौदा, आणि वाजवते काय, तर ढाक! दुर्गापूजेत मांडवापुढे खांद्याला अडकवून दोन काठ्यांनी वाजवतात ना, तो मोठा ढोल. आजूबाजूच्या मुली गाणं शिकतात, नाच शिकतात. आमच्या बाईसाहेब लहान असल्यापासून पूजेचे सगळे दिवस गल्लीत ढाक वाजवायला आलेल्या ढाकीसमोर ठाण मांडून बसायच्या. शेवटी एका वर्षी त्या बिचाऱ्यानेच काठ्या तिच्या हातात दिल्या. मी म्हटलं, खूळ आहे, जाईल. ह्यांनी सरळ ढाक विकत आणला! फ्लॅटमध्ये! खालच्या मजल्यावरच्या बोसबाई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या.

मग तिने सोशल मीडियावर आपलं पेज काढलं. गच्चीवर उभी राहून ढाक वाजवणारी मराठी मुलगी! लोक वेडे झाले. हजारोंनी बघायला लागले. आणि गेल्या पूजेनंतर हावड्याच्या एका मोठ्या पूजा कमिटीने ते पेज बघूनच तिला निरोप पाठवला. पुढच्या वर्षी आमच्याकडे मुलींचं ढाकपथक उभं राहतंय, त्यात तू सगळ्यांत पुढे, आणि तुझ्या पेजवरून आमची पूजा सगळ्यांना दाखवायची. पोरगी हवेत! मी नारळाच्या वड्या केल्या आणि बोसबाईंनाही नेऊन दिल्या, काय करणार!

तर अशा नातीच्या आजोबांनी हा विषय निवडला. एवढा हुशार माणूस, पण आपण कशात हात घालतोय हे डोक्यात आलंच नाही.

ते आलं चिठ्ठ्यांच्या दिवशी. या वर्षी बोलायची पाळी होती कादंबरीची आणि हर्षदची. हर्षदचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, नुकतेच नाशिकहून बदलून आलेले. मुलगा पंधरा वर्षांचा, आणि मराठी असं की ऐकत राहावं. ह्यांनी डबा खुळखुळवला, कादंबरीने चिठ्ठी उचलली, उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाजूने," ती म्हणाली. मग आजोबांकडे बघून, "आबा, कायदा पास झाला तर माझा पेज?"

ह्यांनी हातातला डबा खाली ठेवला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली!

उत्तर दिलं विनीताने. माझी सून न्यू टाउनला आयटी कंपनीत आहे, दिवसभर स्क्रीनपुढे असते, आणि घरी आली की मुलीच्या हातातल्या फोनवरून रोज भांडते. "पेज बंद," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम. हो ना, बाबा?" आणि इतकी गोड हसली की मला तिचं कौतुकच वाटलं.

घरात पाऊल टाकल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "कादंबरी, एवढं काय त्यात? जरा अडखळत बोल, एखादा मुद्दा विसर. हर्षद जिंकेल, बिल पडेल, तुझं पेज राहील, हावडाही राहील. झालं!"

झालं काय, ह्यांचा पारा चढला. "सरला! लबाडी? माझ्या सभागृहात? आणि तीही माझ्या घरातून?" घंटा हाताशी असती तर वाजवलीच असती. "वाट्याला आलेल्या बाजूसाठी जीव तोडूनच बोलायचं. ती सबनीसांची नात आहे!"

"नात आहे म्हणूनच म्हणतेय," मी म्हटलं. कादंबरी आमच्या दोघांकडे एकदा बघून खोलीत गेली आणि दार धाडकन लावलं.

आणि संध्याकाळी? मी पोळ्या लाटत होते. हे हळूच ओट्याशी येऊन उभे.

"तो हर्षद फार छान बोलतो, नाही?"

"हो."

"आपल्या कादंबरीचं मराठी तसं कच्चंच."

"हो."

"म्हणजे ती अगदी मनापासून बोलली, तरीसुद्धा..."

"अहो, सरळ म्हणा ना, हरली तर बरं!"

"मी असं काहीही म्हटलेलं नाही!" आणि तरातरा बाहेर गेले. जाताना गरम पोळीचा तुकडा मात्र उचलून नेला. या माणसाबरोबर मी संसार केलाय, मला पदक द्या!

पुढचे दिवस घरात नुसता ताण. कादंबरी भाषणातलं अक्षर कुणाला सांगेना. ह्यांनी तीनदा विचारलं, "मदत हवी का?" तीनदा "नको." ढाकही वाजला नाही. बोसबाईंनी जिन्यात थांबवून काळजीने विचारलं, मुलगी आजारी आहे का म्हणून. आणि मी? मला तर काय व्हावं तेच कळेना. जिंकली तर तिचं पेज जाणार, हरली तर ह्यांची मान खाली जाणार. माझा जीव दोन्हीकडून टांगणीला.

संसदेचा दिवस उजाडला. हॉल खच्चून भरला होता. एरवी आयांना आणि आज्यांनाच हौस असते, या वेळी बापही आले होते, कारण घराघरात यावरून वाजलं होतं. कोपऱ्यात नोलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचे, पेढ्यासारखे संदेश ठेवले होते, त्यांच्याकडेही कुणाचं लक्ष नाही! ह्यांनी घंटा वाजवली. मी पहिल्या रांगेत होते.

आमच्याकडे रीत उलटी, आधी विरोधक. हर्षद उठला. काय बोलला म्हणून सांगू!

"माननीय सभापती, माझ्या बाबांची बदली होते तेव्हा मला कुणी विचारत नाही. नाशिकला माझे मित्र होते. ते तिथेच राहिले. इथल्या शाळेत सगळे बंगालीत बोलतात, मी डब्याच्या सुट्टीत एकटा बसतो. घरी येऊन फोन उघडतो तेव्हा माझे मित्र मला भेटतात. तुम्ही माझं गाव नेलं, शाळा नेली. आता उरलेले मित्रही नेणार? माझ्या भल्यासाठी? माझं भलं कशात आहे, हे एकदा तरी मला विचारा ना!"

टाळ्या! नुसत्या टाळ्या! बदलीवाल्या घरांतल्या बायका डोळे पुसत होत्या. त्याची आई, रसिका, तोंडावर पदर धरून रडत होती, तिला हे मुलाने घरी कधी सांगितलंच नव्हतं. मलाही गलबलून आलं. आणि सभापती? सभापतींचा चेहरा असा फुलला होता की मी डोळे वटारून खूण केली, जरा आवरा. त्यांना वाटलं, सुटलो!

मग कादंबरी उठली. हातात कागद नाही.

"माझं मराठी चांगलं नाही," ती म्हणाली. "पण मी हळू बोलते, म्हणजे समजेल. माझा एक पेज आहे. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला तो पेज खूप आवडतो. मी सकाळी उठते आणि दात घासायच्या आधी बघते, किती लोकांनी बघितलं. कमी असले तर दिवस वाईट. जास्त असले तर उद्या कमी होतील याची भीती."

मागच्या रांगेतल्या दोन-तीन मुलींनी माना हलवल्या.

"आधी मी ढाक वाजवायची. आता मी व्हिडिओ वाजवते. लोक अर्धा मिनिट बघतात, मग पुढे जातात. म्हणून मी अर्धा मिनिटच वाजवते, सगळ्यात जोरात जे असतं तेवढंच. आरतीचा ढाक हळू सुरू होतो, खूप वेळ चालतो. तो मी एक वर्ष झालं, पूर्ण वाजवला नाही. एक माणूस मला घाण मेसेज पाठवायचा. मी ब्लॉक केला. तो दुसऱ्या नावाने आला. मी घरी सांगितलं नाही, कारण घरी सांगितलं तर फोन जाणार."

विनीता माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. आमच्याच घरात, आमच्या नाकासमोर, आणि आम्हाला पत्ता नाही!

"तुम्ही म्हणाल, मग सोडून दे. मी सोडू शकत नाही. मी करून बघितलं. आणि मी एकटीने सोडला तर आपल्या मंडळातल्या मुली तिथेच राहणार, मीच बाहेर. त्यांनाही सोडायचं आहे, त्यांनाही हीच भीती. म्हणून कायदा पाहिजे. कायद्यात सगळे एकदम थांबतात. मग कुणी एकटं नसतं. हर्षद, तू डब्याच्या सुट्टीत एकटा बसतो, कारण बाकीचे फोन बघत असतात. मीही माझ्या शाळेत बघत असते. मला तो पेज पाहिजे. खूप पाहिजे. म्हणूनच मी सांगते की बंद करा."

आणि बसली. मग कुठूनतरी मागून एका मुलीने टाळी वाजवली आणि सगळा हॉल उठला! मी रडतही होते आणि टाळ्याही वाजवत होते, मला स्वतःचंच भान नव्हतं. ही आमची कादंबरी? मराठी कच्चं म्हणे!

मतदान सुरू झालं. बोलणाऱ्या दोघांना मत नसतं. बाकीच्या मुलांचे हात वर गेले. मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांनी मोजले. मग विरोधातले हात वर गेले. ते मोजले. पुन्हा मोजले. मग दोघेही सभापतींच्या कानाशी लागले आणि ह्यांचा रंगच उडाला.

सारखी मतं!

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता सभापतींनी मत द्यायचं. हॉलमध्ये एकच कल्ला. कुणी म्हणतंय बाजूने, कुणी म्हणतंय विरोधात, रसिका खुर्चीवर उभी राहून "काका, पोरांचा विचार करा!" म्हणून ओरडतेय, आणि कोणत्या पोरांचा ते तिलाही सांगता येत नव्हतं बहुतेक. हे घंटा वाजवताहेत, घंटा कुणाला ऐकू येत नाहीये.

मला मात्र एकदम हायसं वाटलं. कारण बरोबरी झाली तर सभापतींनी आहे ते तसंच राहू द्यावं, बदलाच्या बाजूने कौल देऊ नये, असा मोठ्या सभागृहांतला रिवाज आहे, हे ह्यांनीच मला दहा वेळा ऐकवलेलं. म्हणजे वाट मोकळी! 'विरोधात' एवढं म्हणायचं. रिवाज पाळला जाईल, नात जीव तोडून बोलली म्हणून मान राहील, पेज राहील, हावडा राहील. कुणी बोट दाखवणार नाही. देवाने वरून हात दिला होता. घ्या की हो, मी मनात म्हणत होते, घ्या आणि उतरा खाली!

हे उभे राहिले. पाण्याचा घोट घेतला. नियमात नसलेली गोष्ट केली, सभासदाला प्रश्न विचारला.

"कादंबरी, हे सगळं तू चिठ्ठीत आलं म्हणून बोललीस?"

ती उभी राहिली. आवाज ठाम.

"चिठ्ठीत आलं म्हणून बोलायला मिळालं, आबा."

ह्यांनी डोळे मिटले. मी या माणसाला ओळखते. बँकेत संप झाला तेव्हा, आई गेली तेव्हा, अजेयला कॉलेजात प्रवेश मिळाला नाही तेव्हा, डोळे असेच मिटले होते.

"सभापतींचं मत," हे म्हणाले, "बाजूने."

बिल मंजूर! काय तो गोंधळ! निम्मी पोरं ओरडताहेत, निम्मी रडताहेत, आया एकमेकींना मिठ्या मारताहेत. आणि त्या गोंधळात हर्षद हात वर करून उभा. "माननीय सभापती, एक दुरुस्ती सुचवायची आहे." ह्यांनी परवानगी दिली. पोरगा शांतपणे म्हणाला, "मुलांनी स्वतःला तिथे दाखवायचं नाही, ठीक आहे. मग मोठ्यांनीही मुलांचे फोटो आणि व्हिडिओ कुठे टाकायचे नाहीत. वाढदिवसाचे नाहीत, बक्षिसाचे नाहीत. कुठल्याही ग्रुपवर नाहीत."

अहाहा! एका मुलाने विरोध केला नाही. सगळे हात एका झटक्यात वर! आता आवाज मुलांचा आणि शांतता मोठ्यांची. रसिकाच्या हातात फोन होता, मुलाचं भाषण ती रेकॉर्ड करत होती, तिने तो गुपचूप पर्समध्ये टाकला. आणि आमचे हे! नातीचा प्रत्येक व्हिडिओ बँकेतल्या मित्रांच्या ग्रुपवर दोनदा पाठवणारा माणूस, एकदा सकाळी आणि एकदा ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी! चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण घंटा वाजवली आणि म्हणाले, "दुरुस्ती मंजूर." मी पोट धरून हसले.

हसू घरी येईपर्यंतच टिकलं. कादंबरीने आमच्या सगळ्यांसमोर पेज बंद केलं, अंगठ्याने, एका मिनिटात. मग हावड्याला फोनही तिनेच केला. कमिटीच्या सेक्रेटरीबाई गोड बोलल्या. पेज नाही, तर मग आमच्या पूजेला तुझा उपयोग कसा होणार, या वर्षी राहू दे, असं म्हणाल्या. फोन ठेवला आणि पोरगी आजोबांवर उलटली.

"तुम्ही विरोधात मत द्यायला हवं होतं! तुम्हाला देता येत होतं! आजीने सांगितलं मला, रिवाज आहे तसा!"

"मग तू एवढं चांगलं बोललीस कशाला?" हेही ओरडले.

"तुम्हीच सांगितलं होतं जीव तोडून बोल!"

"आणि तू बोललीस! मग मी काय करणार होतो? कानात बोळे घालून बसणार होतो?"

दोघं समोरासमोर उभी, दोघांच्याही डोळ्यांत पाणी, नाकं सारखीच लाल. विनीता मध्ये पडायला गेली, मी तिला मागे ओढलं. कादंबरी खूप रडली त्या दिवशी. विनीता तिच्या खोलीत गेली आणि त्या माणसाच्या मेसेजबद्दल दोघी कितीतरी वेळ दार लावून बोलत होत्या. ह्यांनी जेवताना वाटी बाजूला सारली. आमटी आवडती होती.

पुढचे काही दिवस दोघं एकमेकांशी मोजकंच बोलत होती. ह्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "बरोबर केलं ना मी?" असं मला विचारायचे. मी सांगायची, "बरोबर केलंत." पाचव्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, "आता पुन्हा विचाराल तर मीच बिल आणीन तुमच्याविरुद्ध."

आणि मग एका रविवारी सकाळी कादंबरी कुणाला काही न सांगता ढाक घेऊन गच्चीवर गेली. पहिली काठी पडली तसे हे खुर्चीतून उठले, पेपर टाकला, माकडटोपी तशीच डोक्यावर, आणि जिना चढायला लागले. मागून मी. मागून विनीता. खालून बोसबाईसुद्धा आल्या.

ती हळू वाजवत होती. इतकं हळू की मला वाटलं, मन लागत नसावं. ह्यांचा हात सवयीने खिशात गेला, फोन निम्मा बाहेर आला.

"आबा!" काठ्या न थांबवता ती ओरडली. "कायदा!"

फोन परत खिशात गेला. आता ह्यांच्या दोन्ही हातांना काही काम नाही. उभे राहिले नुसते. ढाक चढत गेला. थांबेल, आता थांबेल असं वाटायचं आणि तो आणखी वरच्या लयीत जायचा. कादंबरीच्या कपाळावर घाम, डोळे मिटलेले, काठ्या तर दिसतच नव्हत्या. माझ्या पायांखालची फरशी हालत होती. आणि आमचे हे, रिटायर्ड ब्रँच मॅनेजर, मंडळाचे सभापती, इतक्या वर्षांत विसर्जनाच्या मिरवणुकीत कधी पाऊल न हलवलेला माणूस, नाचायला लागले! हात वर करून, गुडघे दुखताहेत ते विसरून, वेडेवाकडे! बोसबाईंनी तोंडात बोटं घालून जी शिट्टी मारली, ती अख्ख्या गल्लीने ऐकली असेल.

ढाक थांबला तेव्हा हे पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. धाप लागली होती, गालांवरून पाणी वाहत होतं, पुसत नव्हते.

"कादंबरी," ते म्हणाले, "हे एवढं सगळं तू कधी शिकलीस?"

"मला आधीपासून येतं, आबा," ती काठ्या खाली ठेवत म्हणाली. "अर्ध्या मिनिटात मावत नव्हतं."